काहिलीतून येळवशीला

धाराशिवात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. परवा तिथं आलेल्या बायकांना मी सांगितलं, की आठ-दहा दिवस बेटावर राहून आले. एकीनं विचारलं, "अंदमानला गेला होता का?" दुसरी म्हणाली, "मुलानं नेलं असंल विमानानं." मी म्हणाले, "नळदुर्गाच्या पुढं गेले होते, जीपनं." बाई म्हातारपणी थापा मारायला लागली, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. म्हणून हे लिहून काढलं. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी धरण भरेल त्या वर्षी माझ्याबरोबर यावं.

माझा धाकटा भाऊ व्यंकट, त्याचं शेत तिकडं आहे. धरण झालं तेव्हा गाव उठून वर माळावर गेलं आणि खालची काळी जमीन पाण्यात गेली. व्यंकटचं टेकाड तेवढं उंचावर म्हणून वाचलं. एरवी पाणी त्या टेकाडापर्यंत पोचत नाही, गावातून चालत शेतात जाता येतं. पण धरण काठोकाठ भरलं, की पाणी टेकाडाला चारी अंगांनी वेढतं आणि होळीपर्यंत हलत नाही. मग व्यंकट, त्याची बायको रुक्मिण आणि मुलगा बालाजी हे गावातल्या घराला कुलूप लावून शेतातल्या पत्र्याच्या खोलीत राहायला जातात. मी इतकी वर्षं तिकडं फिरकले नव्हते. मला पाण्याची भीती वाटते. बादलीभर असलं तर ठीक, त्यापुढं नको.

यंदा जावं लागलं. व्यंकटचा फोन आला, "आक्का, रुक्मिण पाय घसरून पडली. हात मोडलाय, प्लास्टर घातलंय. येळवस तोंडावर आली आन् मुरुमची माणसं यायलीत."

मुरुमची माणसं म्हणजे मुलीकडची माणसं. बालाजीला तेहतिसावं सरलं. पोरगा निर्व्यसनी, अंगानं धडधाकट, शेत स्वतःचं. पण मुलीकडचे पहिलं विचारतात, "नोकरी कुठं?" शेती म्हटलं की चहा पिऊन उठतात. त्यातून कुणी घर बघायला आलंच, तर हे पाणी आडवं. मागं एकदा तामलवाडीचे पाहुणे काठापर्यंत आले, जीपमधून खाली न उतरता पाणी बघितलं आणि तिथूनच परत गेले. रुक्मिण दोन दिवस जेवली नव्हती. त्यानंतर बालाजीनं बापाला सांगून टाकलं, की आता एकच स्थळ बघा, हे मोडलं तर पुन्हा मला कुणापुढं उभं करू नका. ते एकच स्थळ म्हणजे हे मुरुमचं. आत्याला पाण्याची भीती वाटते हे कारण आता सांगून चालणार नव्हतं.

आणि त्यांना बोलवायला दिवस निवडला होता येळवशीचा. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या ती वेळा अमावस्या, आमच्या तोंडात येळवस. त्या दिवशी आमच्या भागातली गावं, बाजार सगळं ओस पडतं आणि माणसं शेतात जातात. ज्यांना शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जातात. आवतण असतं ते अख्ख्या घराला, बायका-पोरांसकट. व्यंकटचं डोकं असं, की मुलाचं घर बघायला मुलगी कधी येत नाही, तसा रिवाज नाही; पण येळवशीला आली तर कोण काय म्हणेल? बेट आपल्या डोळ्यांनी बघेल, पुढं फसवलं असं म्हणायला नको. या कल्पनेवर तो फार खूश होता.

रस्ता पाण्यात जातो तिथं

नळदुर्गला ट्रकांची रांग मागं टाकून जीप हायवे सोडते. मग ज्वारी, हरभरा, करडई, पुन्हा ज्वारी. पुढं एका ठिकाणी डांबरी रस्ता काही न सांगता सरळ पाण्यात उतरतो. बाजूला एसटीचा थांबा आहे, त्याच्या बाकड्याला पाणी लागलेलं आणि बाकड्यावर बगळा बसलेला. पलीकडं लांब टेकाडावर तोच रस्ता पाण्यातून बाहेर निघून वर चढलेला दिसतो. जीपवाला म्हणाला, "उतरा मावशी, म्होरं माझं काम न्हाय."

बालाजी मला न्यायला काहील घेऊन आला होता. होडी असेल असं मी धरून चालले होते. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई. पाच माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी, गोल, उथळ. गावातलं गुऱ्हाळ बंद पडल्यावर व्यंकटनं ती आणली होती.

"बालू, ह्यात गूळ करतेत," मी म्हणाले.

"हाव आत्या. बसा मधी. हलू नका, उभं राहू नका, आन् कडंला हात लावू नका."

मी जीव मुठीत धरून बसले. त्यानं बांबूनं रेटा दिला आणि काहील पुढं जायच्या ऐवजी स्वतःभोवती फिरायला लागली. आधी गाव दिसलं, मग टेकाड, मग पुन्हा गाव. बालाजी निवांत होता. गोल भांडं आहे, ते फिरणारच. आपण तेवढा एक एक रेटा नेमका द्यायचा, की फिरत फिरत पलीकडं जातं, असं त्यानं मला समजावलं. अर्ध्या वाटेत माझी एक चप्पल पाण्यात पडली. ती काढायला मी वाकले, तेव्हा मात्र तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, "चप्पल जाऊ द्या." गेली. पुढचे सगळे दिवस मी रुक्मिणीच्या चपला घालून काढले. वर उतरल्यावर बघितलं तर लुगड्याला मागून जन्माची काजळी लागलेली.

बेटावरचे दिवस

पहिल्या दिवशी वाटलं, इथं माणूस राहतो कसा. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपण तिकडं का राहतो.

बेट केवढं, तर सकाळी दात घासत निघालं की चूळ भरायच्या आत फिरून होतं. माथ्यावर पत्र्याची खोली, शेजारी बैलांचा आणि म्हशीचा गोठा, दोन लिंब आणि एक बाभूळ. उतारावर कमरेच्या वर आलेली ज्वारी, तिच्या खाली पाण्यापर्यंत हरभरा. पाण्यात जुन्या झाडांचे वाळलेले खुंट उभे आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात. आणखी कुठली कुठली पाहुणी बदकं आली होती, पहाटे त्यांचा नुसता कालवा. फोनची रेंज फक्त बाभळीखाली येते, तीही पूर्वेकडं तोंड करून उभं राहिलं तर. त्यामुळे सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं आणि कुणी लांबण लावत नाही.

म्हैस मात्र या घरात सगळ्यांत सुखी. मनात आलं की पाण्यात शिरते, पोहत गावात जाते, आपल्या जुन्या गोठ्यासमोर उभी राहते आणि संध्याकाळी धार काढायच्या वेळेला परत येते. मी व्यंकटला म्हणाले, "हिला काहील लागत न्हाय." तो म्हणाला, "तिला अक्कल हाय, आक्का. आपल्याला न्हाय."

जेवणाची तऱ्हा अशी, की सकाळी ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. संध्याकाळी तळ्यात जाळं टाकणारा एक भोई चिलापी मासे देऊन जायचा आणि बदल्यात दूध न्यायचा. मी धाराशिवात एकटीसाठी स्वयंपाक करते, त्यामुळे अर्ध्या भाकरीची सवय. इथं तीन तीन खाल्ल्या. घरी मिक्सर बिघडला तर माझं डोकं फिरतं, इथं पाटा होता आणि त्याच्यावर काही बिघडण्यासारखं नव्हतं. रुक्मिण एका हातानं निवडायची आणि तोंडानं मला हुकूम सोडायची. नणंदेला कामाला लावायची संधी तिला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. तिनं ती सोडली नाही.

बालाजी फार बोलत नाही. कामाचा उरक मोठा, पण चार शब्दांत सगळं संपतं. मला काळजी वाटली, की हा मुलीपुढं काय बोलणार. एकदा मी त्याच्यासाठी आणलेला शर्ट अंगाला लावून बघत होते, तेव्हा तोच म्हणाला, "आत्या, ते न्हाय म्हणले तर आईला सांभाळा. माझं काय न्हाय." त्याचं काय नाही असं नव्हतं. खांद्याचं माप घेताना हाताला कळतं. मी बाह्या लांब आहेत असं काहीतरी बोलले.

तो रोज दुपारी जेवता जेवता उठून पाण्याकडं बघून यायचा. मी विचारलं तर म्हणाला, वारा बघतो. उगवतीचा वारा सुटला की काहील काढायची नाही, हा या घरातला एकमेव कायदा. गोल आणि उथळ भांड्याला वारा कुठंही नेतो आणि लाट आत आली की ते तळाला. त्या दिवसांत वारा सुटला नाही, म्हणून मीही पुढं विचारलं नाही.

येळवस

आदले दोन दिवस मी आणि रुक्मिणीचा एक हात मिळून राबलो. ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात भिजवून मडक्यात आंबायला घातली. भज्जीसाठी तुरीच्या ओल्या शेंगा, हरभरा, वाल, वाटाणे सोलले. ज्यांना माहीत नाही त्यांनी भज्जी म्हणजे कांदाभजी समजू नये. ही सगळ्या ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन, चिंच घालून केलेली पातळ भाजी, बाजरीच्या पिठाच्या वाफवलेल्या उंड्याबरोबर खायची. गव्हाची खीर, धपाटे, शेंगदाण्याच्या पोळ्या वेगळ्या. ज्वारीत कडब्याच्या पेंड्यांची कोप, म्हणजे खोपट, उभी केली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले, ते पांडव.

येळवशीच्या सकाळी मी भज्जीला फोडणी देत होते, तेवढ्यात बालाजी आत येऊन म्हणाला, "आत्या, काठावर बघा जरा."

पलीकडच्या काठावर माणसंच माणसं उभी होती. बायका, पोरं, म्हातारी. फेटेवाले, टोपीवाले. जिथं एसटीचा थांबा पाण्यात आहे तिथं तर जत्रेसारखी गर्दी.

मी व्यंकटकडं बघितलं. तो डोकं खाजवत होता. झालं होतं असं, की व्यंकट दरवर्षी बाजारात, चहाच्या टपरीवर, ढाब्यावर, जो भेटेल त्याला म्हणतो, "येळवशीला आमच्या शेतात या." येळवस जवळ आली की आमच्याकडच्या माणसाच्या तोंडातून रामरामाच्या आधी आवतण निघतं. यंदाही त्यानं सवयीनं पंधरवडाभर सगळ्यांना बोलावलं होतं. आपलं शेत यंदा बेट आहे आणि आपल्याजवळ एक काहील आहे, हे बोलावताना त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"पंक्चरवाला बी आलाय," रुक्मिण म्हणाली. "चार पोरं घेऊन."

"आवतण दिलंय," व्यंकट म्हणाला. "आता न्हाय कसं म्हणावं?"

नाही म्हणता येत नाही, हे खरंच आहे. येळवशीला दारात आलेला माणूस उपाशी परत गेला, तर वर्षभर शेतात काय पिकणार? बालाजीनं नवा शर्ट काढून खुंटीला अडकवला, जुना घातला आणि काहील सोडली. चार चार माणसं घेऊन तो जायचा-यायचा. वाफे शिंपून आल्यासारखा ओला झाला होता. मी भज्जीत पाणी वाढवलं, आंबिलीत ताक वाढवलं.

आणि त्या सगळ्या रांगेच्या शेवटी एक जीप येऊन थांबली. त्यातून मुरुमची मंडळी उतरली. मुलीचे वडील शिवलिंगअप्पा, आई मंगलबाई आणि मुलगी सविता. अप्पांचं मुरुमला भुसार मालाचं दुकान. माणूस पांढरा स्वच्छ, छाती बेचाळीस, पोट अठ्ठेचाळीस. पंक्चरवाल्याच्या मागं रांगेत उभा असलेला होणारा व्याही लांबून बघून व्यंकटच्या तोंडचं पाणी पळालं.

मंगलबाई आणि सविता एका खेपेला आल्या. अप्पा कढईत बसायला धजेनात, ते पुढच्या खेपेला एकटेच आले. काहील फिरायला लागली तेव्हा अप्पांनी डोळे मिटले ते बेटावर पाय लागल्यावर उघडले. उतरून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि चिखलानं भरलेल्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या बालाजीकडं बघून विचारलं, "आन् नवरदेव कुठंय?"

"म्याच की," बालाजी म्हणाला.

सविता खाली बघून हसली. ते मी बघितलं, आणि मला तेवढाच एक आधार वाटला.

पूजा झाली. "वलगे वलगे" असं कानडी वळणाचं काहीतरी ओरडत पोरांनी ज्वारीतून आंबील शिंपडली. त्याचा अर्थ मला लहानपणीही कुणी सांगितला नव्हता. मग पंगती बसल्या. भज्जी पुरली कशी, हे पांडवांना ठाऊक. लोक पोटभर जेवले, ढेकरा दिल्या, बोरं-हरभऱ्याचे ढाळे खात बसले आणि बालाजीनं परतीच्या खेपा सुरू केल्या. रिवाजाप्रमाणं सोयऱ्यांना आधी पाठवत नाहीत, त्यांना बसवून घेतात. म्हणून मुरुमची मंडळी शेवटी राहिली.

तेवढ्यात अप्पांनी व्यंकटला बाजूला घेतलं. मी भांडी आवरत होते, कान तिकडंच होते. अप्पा म्हणाले, "व्यंकटराव, पोरगा चांगला हाय. जेवण झ्याक. पण माझी पोरगी उद्या आजारी पडली तर? पोटुशी राहिली तर? ह्या कढईत घालून नेणार का दवाखान्याला?"

व्यंकट म्हणाला, "सून गावातल्या घरात राहील की."

"आन् नवरा हितं? असा कसला संसार?"

व्यंकट पुन्हा डोकं खाजवायला लागला. अप्पा खोटं बोलत नव्हते. रुक्मिण लिंबाखाली प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती, तिनंही ते ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला ते पुसताही येईना, कारण चांगल्या हातात खिरीची वाटी होती.

वारा

अप्पा म्हणाले, "निघतो आता." आणि त्याच वेळी ज्वारी सळसळायला लागली. बघता बघता पाणी काळं पडलं, लाटा खुंटांवर आपटायला लागल्या. उगवतीचा वारा सुटला होता. बालाजी पंक्चरवाल्याला आणि त्याच्या पोरांना पलीकडं सोडून नुकताच परत आला होता. त्यानं काहील पाण्यातून ओढली, उपडी केली आणि तिच्यावर दगड ठेवला.

अप्पा म्हणाले, "हे काय? आमाला सोडा की."

"आता न्हाय."

"न्हाय म्हणजे? पोरगी संगं हाय आमच्या. सोयरीक ठरली न्हाय, काय न्हाय. लोक काय म्हणतील? मुलाच्या घरी रात काढली म्हणतील."

"म्हणू द्या," बालाजी म्हणाला.

अप्पांचा चेहरा लाल झाला. व्यंकट धावत आला, मुलाला बाजूला ओढून हळू आवाजात म्हणाला, "बालू, सोड बाबा. हळूहळू ने. लई मोठ्या लाटा न्हायीत. आधीच कुठं जमंना, आन् तू हे..."

बालाजी मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या आठ-दहा दिवसांत त्याच्या तोंडून मी एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. "सोयरीक मोडली तर पोरीची दुसरीकडं जमंल. काहील बुडली तर ह्यांची पोरगी कुठनं आणून द्यावी? म्या सोडणार न्हाय."

मग तो जाऊन बैलांना कडबा टाकत बसला. मला त्याचा राग आला, आणि अभिमानही वाटला. मी घरातली मोठी, काहीतरी बोलायला हवं होतं. पण मला मध्येच ती पाण्यात गेलेली चप्पल आठवली आणि मी परत भांड्यांकडं वळले. सविता म्हणाली, "अप्पा, राहू या." ती एवढंच म्हणाली. अप्पा कोपीशेजारच्या दगडावर पाठ करून बसले.

दिवस मावळता वारा पडला. पण अंधारात पाण्यातले खुंट दिसत नाहीत, म्हणून बालाजीनं काहिलीला हात लावला नाही. आमच्याकडं येळवशीच्या संध्याकाळी कडब्याची पेंडी पेटवून पिकाभोवती फिरवतात, तिला हेंडगा म्हणतात. व्यंकटनं पेंडी बांधली, पेटवली आणि निघणार तोच मागून आवाज आला, "आणा हिकडं."

अप्पा होते. त्यांचं वडिलोपार्जित शेत वाटणीत भावाकडं गेलं होतं. तेव्हापासून ते येळवशीला लोकांच्या शेतात जेवायला जायचे, पण हेंडगा घरचा माणूस फिरवतो, पाहुणा नाही. त्यांनी धोतर खोचलं, पेंडी हातात घेतली आणि त्या पोटासकट ज्वारीच्या कडेकडेनं धावत सुटले. बेट लहान आहे हे त्या दिवशी बरं झालं. एक फेरी मारून ते धापा टाकत आले, घामानं निथळत होते. मंगलबाई म्हणाल्या, "बीपी हाय तुमाला." ते म्हणाले, "असू दे." आणि भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पुरुष गोठ्यात झोपले होते, बायका खोलीत. सकाळी सविता माझ्याबरोबर पाण्यावर भांडी घासायला आली. तिनं मला सरळ विचारलं, "आत्या, ह्यांना राग येतो का?"

मी म्हणाले, "काल आला तेवढाच म्या पायला."

"काल कुठं आला?" ती म्हणाली. "काल तर ते नीट बोलले." मग थोडं थांबून म्हणाली, "मला याआधी तिघं बघून गेले. तिघंबी अप्पांपुढं नुसतं व्हय व्हय करायले होते. न्हाय म्हणणारा ह्यो पहिला."

मी तिला दवाखान्याचं विचारलं. आपणच विषय काढायचा नसतो, पण राहवलं नाही. ती म्हणाली, "धरण भरंल त्या वर्षी दिवस गेले तर म्या गावात राहीन. तेवढं ह्यांना कबूल पायजे. बाकी हितं काय वाईट हाय? पण मला पोहायला शिकवावं लागंल." मी परातीला राख जरा जास्तच लावली.

पाणी अगदी संथ, जरा हललं तरी कळेल असं होतं. बालाजीनं काहील सरळ केली. यावेळी त्यानं अप्पांना मध्ये बसवलं, समोर मंगलबाई आणि सविता. मीही त्यांच्याबरोबर निघाले, कारण मला दुकान उघडायचं होतं. खरं सांगायचं तर उत्तर ऐकल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. काठावर रुक्मिण उभी होती, व्यंकट तिच्यामागं. आपण होऊन विचारलं की भाव उतरतो, एवढं आम्हा सगळ्यांना कळतं.

काहील फिरत फिरत निघाली. अप्पांनी आज डोळे मिटले नव्हते, पण मंगलबाईंचा दंड घट्ट धरला होता. अर्ध्या वाटेत ते बालाजीला म्हणाले, "काल तू मला लई वाईट बोललास."

"व्हय," बालाजी म्हणाला. बांबू चालूच होता.

"दिवस गेले तर पोरगी गावात राहील, असं आईला सांगितलंय तिनं. तुला कबूल हाय का?"

"हाय."

मग काठ आला. उतरताना अप्पांचा पाय घसरला, बालाजीनं काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. डांबरी रस्त्यावर उभं राहून त्यांनी धोतर झटकलं, मागची काजळी बघितली, आणि मग बेटाकडं तोंड करून, व्यंकटला ऐकू जावं म्हणून पोटातून ओरडले, "व्यंकटराव, लग्न वैशाखात धरा. पाणी उतरल्यावर. म्या पुन्हा ह्याच्यात बसणार न्हाय."

पलीकडं रुक्मिणीनं काय केलं ते मला दिसलं नाही, लांब होतं. मी मात्र काठावरच देवीला हात जोडले. घोडं गंगेत न्हालं. बालाजी काहील धरून तसाच पाण्यात उभा होता. काय करावं हे न कळून त्यानं आधी अप्पांच्या पाया पडावं का सासूच्या, असा घोळ घातला आणि शेवटी माझ्याच पाया पडला. सविता जीपमध्ये बसली होती, ती तोंडावर पदर धरून हसत होती.

आता मी दुकानात बसून तिच्या लग्नातले ब्लाऊज शिवते आहे. व्यंकटचा रोज बाभळीखालून फोन येतो. काठावर त्यानं एक काठी रोवली आहे, पाणी किती खाली गेलं ते तो सकाळ-संध्याकाळ बघतो. परवा म्हणाला, "आक्का, हलायलाच तयार न्हाय गं. बोटभर बी उतरंना." रुक्मिणीनं तुळजापूरच्या देवीला नवस बोलला आहे. धरणातलं पाणी लवकर आटू दे म्हणून देवीला साकडं घालणारं आमच्या अख्ख्या दुष्काळी जिल्ह्यात हे एकच घर असेल.